लंबूचा पाच-नऊ

माझा मामा बुटका आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच्याबद्दल बोलणारा प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो आणि मामाला त्याचं काही वाटत नाही. त्याची सगळी नोकरी लिफ्टच्या कंपनीत गेली. लिफ्टच्या टपावर उकिडवं बसून, काळोखात, तेलाने माखलेल्या तारांशी झटायचं म्हणजे अंग जितकं आटोपशीर तितकं बरं. त्याचा जोडीदार मात्र ताडमाड. त्याला सगळी कंपनी लंबू म्हणायची. तो मामाला बुटक्या म्हणे आणि मामा त्याला लंब्या. दोघं डबा खायला एकत्र बसले की येणारेजाणारे उगाच हसायचे.

लिफ्टचं काम एकट्याचं नाही. एक जण वर मोटरच्या खोलीत, एक जण खाली खड्ड्यात. मधे सगळे मजले. वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं दिसत नाही. मग ओरडून विचारायचं. “वजन टेकलं?” “टेकलं.” “तार सैल?” “सैल.” खालून ‘सैल’ आलं की वरच्याने तारेत हात घालायचा. खालच्याने चुकीचं सांगितलं तर वरच्याचा हात गेलाच म्हणून समजा. मामा कायम वर असे आणि लंबू खाली. मामा मला दोन्ही पंजे पसरून दाखवायचा. “मोजून घे. सगळी बोटं जागेवर आहेत. लंब्याने सैल म्हटलं की मी डोळे मिटून हात घालायचो.”

रेडिओचं खूळ दोघांना एकदमच लागलं. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, घरून बोलायचा. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, आपला सेट आपण जोडायचा, छपरावर तार बांधायची आणि जगात कुठेतरी असाच दुसरा वेडा बसलेला असतो त्याच्याशी गप्पा मारायच्या. मामी म्हणते, “मला वाटलं लग्नात एक नवरा मिळाला. घरी आल्यावर कळलं, त्याच्याबरोबर लंबू आणि तारांची भेंडोळी पण आलीत.” मामी हे हसून सांगते, पण ती गच्चीवरच्या रेडिओच्या खोलीत कधी पाय ठेवत नसे. जेवायला हाक मारायची तीही जिन्यातून.

मला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली आणि दुकान मामाच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं, म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आले. त्याच सुमारास दोघं मित्र निवृत्त झाले आणि लंबू समुद्रापलीकडे मुलीच्या घरी राहायला गेला. जाताना ठरलं की दर रविवारी सकाळी दोघांनी रेडिओवर भेटायचं. लंबूच्या मुलीच्या घरामागे मोकळी जागा होती, तिथे त्याने भलंमोठं स्टेशन उभारलं. त्याचा आवाज मामाकडे खणखणीत यायचा. मामाचा आवाज मात्र तिकडे पोचत नव्हता.

मी एकदा म्हटलं, “मामा, फोन कर ना सरळ. चेहरा पण दिसेल.”

“फोनवर कुणीही बोलेल,” मामा म्हणाला. “मधे शंभर लोकांची यंत्रं. हे माझ्या तारेतून निघणार आणि त्याच्या तारेत उतरणार. मधे कुणी नाही.”

त्याला हवं होतं ते एवढंच. आपल्या हाताने बांधलेल्या तारेतून आपला आवाज निघावा आणि लंबूने तो ऐकावा. माणसाला म्हातारपणी याहून महागडी खुळं लागतात, म्हणून मी गप्प बसले.

मग खांब आला. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी अँगल जोडून मामाने तो स्वतः बनवला. वर चढायला आडव्या पट्ट्या, जमिनीत सिमेंटचा पाया, गच्चीच्या कठड्याला पकड, आणि तीन बाजूंना लिफ्टच्याच जुन्या तारांचे ताण. गच्चीच्याही वर दोन मजले जाईल इतका उंच. टोकापासून छत्रीच्या काड्यांसारख्या दोन तारा दोन बाजूंना उतरत्या बांधल्या. जिथे त्या दोन्ही भेटतात त्या सांध्यापासून एक जाड काळी केबल खांबाला धरून खाली खोलीत, सेटपर्यंत. हे सगळं बोलण्यासाठी. ऐकायला मामाकडे वेगळा जुना सेट होता आणि त्याची साधी तार कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधलेली होती. म्हणजे ऐकायचा रस्ता वेगळा आणि बोलायचा वेगळा. एक बंद पडला तरी दुसरा चालू.

“टोकाला पुली लाव की,” मी सुचवलं. “सांधा दोरीने खाली घेता येईल. चढायला नको.”

“जन्मभर लोकांच्या पुल्या सांभाळल्या,” मामा म्हणाला. “माझ्या घरी पुली नको.”

आता रिपोर्टचं सांगते. या लोकांची एक रीत आहे. भेट झाली की आधी समोरच्याला सांगायचं, तुझा आवाज कसा येतोय. दोन आकडे. पहिला शब्द किती कळतात त्याचा, पाचापर्यंत. दुसरा आवाजाच्या जोराचा, नवापर्यंत. पाच-नऊ म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. आपला आवाज बाहेर कसा जातो हे बोलणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही, ते पलीकडच्यानेच सांगायचं. म्हणून रिपोर्ट खरा द्यायचा, मग तो कितीही वाईट असो. मामाच्या जगात याला फार मान होता. घरात तो मामीला “भाजी छान झालीय” असं खोटं सांगे, पण रिपोर्ट कधी फुगवून देत नसे.

खांब उभा राहिल्यावर पहिल्या रविवारी लंबूने दिला तीन-दोन. म्हणजे आवाज क्षीण, शब्द अर्धेमुर्धे. सोमवारी मामा कमरेला पट्टा बांधून खांबावर. तारा थोड्या छाटल्या. पुढच्या रविवारी तीन-तीन. मामा पुन्हा वर. मग तारांची दिशा बदलली, सेटचा घरघराट काढला, केबलच्या टोकाची पिन नव्याने डाखली, शेजाऱ्याच्या टीव्हीत मामाचा आवाज येतो अशी तक्रार आली तीही मिटवली. (शेजारी म्हणाला, “लंबूला ऐकू येत नाही, मला येतंय, मीच रिपोर्ट देऊ का?”) लंबू मात्र तीनच्या पुढे जाईना. “बुटक्या, वाईट वाटून घेऊ नको, पण अर्धं कळलं नाही.” आणि मामा हसत हसत पट्टा बांधायचा.

मला हसू येत नव्हतं. त्याला मान वर केली की चक्कर यायची आणि डॉक्टरांनी शिडीसुद्धा बंद सांगितली होती. मामी जीव तोडून सांगायची. तो म्हणायचा, “आता सांधा तेवढा नीट करतो, मग झालं.”

सांधा नीट करताना त्याचा पाय सटकला. पट्टा होता म्हणून लटकला, पण पायातली चप्पल खाली गेली. मामी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. खिडकीसमोरून ती चप्पल खाली पडताना तिने पाहिली. ती गच्चीवर धावली तेव्हा मामा पट्टीवर पाय टेकून पुन्हा उभा होता. सांध्याला नवा डाख दिला होता, पण पाणी आत जाऊ नये म्हणून गुंडाळायची चिकटपट्टी अर्धीच झाली होती. तो तसाच उतरला. मामी एक अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, घाबरून वाचा बसली असेल.

त्यानंतरच्या रविवारी लंबू म्हणाला, “बुटक्या! पाच-नऊ! अरे काय केलंस काय?”

मामा खुर्चीतून उठला आणि बुटकी माणसं नाचतात तसा नाचला, म्हणजे पाय जमिनीवर आणि बाकी सगळं हलत होतं. गल्लीत भेटेल त्याला त्याने पाच-नऊ सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं. त्या दिवशी मला मामीचंही नवल वाटलं, कारण ती लोकरीची पिशवी घेऊन खोलीत येऊन बसली होती. विणत बसली आणि मामाचं बोलणं ऐकत राहिली. पुढच्या रविवारीही आली. मग दर रविवारी येऊ लागली. मामा एकदा मला जिन्यात हळूच म्हणाला, “सगळा संसार झाल्यावर तुझ्या मामीला माझ्या रेडिओत गोडी लागली बघ.” त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता.

वर्षभर हे असं चाललं. वर राहिलेली चिकटपट्टी पुरी करायचं मामाच्या मनात अधूनमधून यायचं. मामी म्हणायची, “आता उत्तम चाललंय ना? मग कशाला?” लंबू म्हणायचा, “आहे ते बिघडवू नको.” मामाकडे एक मीटर होता, केबलमध्ये सोडलेली वीज वर न खपता किती परत येते ते दाखवणारा. तोही महिन्यागणिक चांगला आकडा दाखवू लागला. परत काहीच येईना. मामा मला बोलावून दाखवायचा. “सगळी वर जाते बघ, थेंबभर वाया नाही.” लंबू सोडून इतर कुणी त्याच्या हाकेला उत्तर देत नसे. पण मामाला इतरांचं पडलेलं नव्हतं. लंबूला ऐकू येतंय ना, मग झालं.

आता एका डब्याचं सांगते. टेबलाखाली एक रंगाचा डबा होता, तेलाने भरलेला, आत एक मोठा रेझिस्टर बुडवलेला. सेटची चाचणी घ्यायची असेल आणि आवाज बाहेर जायला नको असेल तेव्हा खटका फिरवून सेट खांबाऐवजी डब्याला जोडायचा. मग सगळी वीज डब्यात जिरते, तेल तापतं आणि बाहेर काही जात नाही. एका शनिवारी मामाने सेटमध्ये काही दुरुस्ती केली, डब्यावर चाचणी घेतली आणि खटका परत फिरवायला विसरला. रविवारी लंबूशी मनसोक्त गप्पा झाल्या. रिपोर्ट नेहमीचा, पाच-नऊ. बोलणं संपवून मामाने टेबलाखाली पाय लांब केले आणि त्याचा अनवाणी पाय डब्याला भाजला.

सोमवारी दुपारी तो माझ्या दुकानात आला. दुकानात तो कधी येत नसे. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून डोळे तपासायच्या खुर्चीत बसला आणि डब्याचं मला सांगितलं.

“थोडाफार आवाज तरी गळला असेल ना बाहेर?” मी विचारलं.

“गळतो. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. समुद्रापलीकडे नाही.” मग म्हणाला, “खटकाच खराब असेल. वाटत असेल डब्यावर आहे, आणि असेल खांबावर. पण मग डबा तापला कसा?” तो स्वतःशीच वाद घालत होता आणि प्रत्येक वेळी हरत होता. एकाएकी त्याने विचारलं, “तुझ्याकडे दिसत नसताना दिसतं म्हणणारे येतात ना? त्यांना कसं पकडतेस?”

ते माझं रोजचंच काम. वाहन चालवायचा दाखला हवा असतो म्हणून काही जण अक्षरांच्या ओळी बाहेर उभं राहून पाठ करून येतात. “मी कोरी पाटी लावते,” मी सांगितलं. “काही नसलेली. पाठ केलेला माणूस तीही घडाघडा वाचून दाखवतो.”

मामा समोरच्या पाटीकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “रविवारी तू पण वर ये.”

रविवारी मी गेले. मामी पिशवी घेऊन तिच्या जागेवर होती, सुया चालू होत्या. ऐकायच्या सेटवर लंबूची हाक आली. मामाने माईक हातात घेतला आणि मला दिसेल अशा बेताने बोलायच्या सेटची वायर भिंतीतून उपटली. सेटवरचा लाल दिवा विझला. मामी विणण्यावरून मान वर करत नसे, त्यामुळे तिला दिसलं नाही.

“लंब्या,” मामा मेलेल्या माईकमध्ये म्हणाला, “आज कसा येतोय?”

खरं सांगते, मी मनात म्हणत होते, काही येऊ नको. नुसती खरखर येऊ दे.

“पाच-नऊ, बुटक्या! मांडीला मांडी लावून बसल्यासारखा!”

मामाने माईक खाली ठेवला नाही. त्याच आवाजात, जोर न लावता, म्हणाला, “सेट बंद आहे, लंब्या.”

मग खरोखरच नुसती खरखर आली. मामीच्या सुया थांबल्या. मामाने खोलीभर नजर फिरवली. शेल्फ, पडदा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पाहत पाहत ती पिशवीवर आली आणि तिथेच राहिली. मामीने लोकरीचे गुंडे बाजूला केले आणि आतून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. कॉल चालू होता. वर लंबूच्या नावापुढे त्याचा हसरा फोटो.

“मला वाटलं, तू माझ्यासाठी येऊन बसतेस,” मामा म्हणाला.

“तुमच्यासाठीच येत होते,” मामी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. “खिडकीतून चप्पल खाली आली तेव्हा मला वाटलं, मागून तुम्ही येणार. अहो, तुम्ही माझं ऐकता का? डॉक्टरांचं ऐकता का? त्याचं ऐकता! तो वाईट म्हणाला की वर चढता. मग त्यालाच सांगितलं, चांगलं म्हण.”

मामाने फोन उचलून बंदही केला नाही. तो खाली गेला आणि पुढच्या दाराने बाहेर पडला.

भडका माझाच उडाला. मी मामीला नको नको ते बोलले. केसाने गळा कापलास म्हणाले. वर्षभर त्याच्या डोळ्यांत धूळ फेकलीस, तो दूधवाल्याला सांगत सुटला होता पाच-नऊ, पाच-नऊ, आणि तू बाजूला बसून टाके मोजत होतीस! मामी म्हणाली, “ओरड. तू काय, ते पडले असते तर रडून मोकळी झाली असतीस.” मी विचारलं, निदान मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.” ते खरं आहे, म्हणून मला जास्तच राग आला. पण मामीचा राग धरून किती धरणार? ती घाबरली होती. तिने नवरा वाचवला असंच ती धरून चालली होती, आणि कोण जाणे, वाचवलाही असेल. माझा खरा राग लंबूवर होता. त्याला रेडिओ कळत होता.

लंबूचा फोन दुसऱ्या दिवशी आला, घरच्या फोनवर. मामाने घेतला. मी बाजूलाच उभी होते आणि लंबूचा आवाज आधीपासूनच मोठा, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“बुटक्या, तुझी बायको रडली रे माझ्यापाशी. काय करायला हवं होतं मी? खरं सांगत राहायचं आणि तू एक दिवस खाली?”

“लिफ्टच्या शाफ्टमध्ये मी वर असताना तू कधी खोटं बोललास?”

“वेडा आहेस का? मेला असतास.”

“आणि आता?”

“आता खोटं बोललो नसतो तर मेला असतास!” लंबू कळवळून म्हणाला.

मामा म्हणाला, “बरं, ते सोड. मला एवढंच सांग, पहिल्या पाच-नऊच्या दिवशी खरा आकडा काय होता? मी वर डाख नवा दिला होता. त्याने फरक पडला होता का?”

मामाने पुन्हा विचारलं.

“मला माहीत नाही,” लंबू म्हणाला. “फोन आणि रेडिओ दोन्हीकडून तुझा आवाज आला असता तर घोटाळा झाला असता. म्हणून मी ऐकायच्या सेटचा आवाज बंद ठेवायचो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“म्हणजे वर्षभर तू ऐकलंच नाहीस.”

“तुझं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं रे—”

“फोनवर,” मामा म्हणाला आणि फोन ठेवला. मग तो तिथेच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. खोटा आकडा त्याने कदाचित पोटात घातला असता. पण त्या खांबावरून वर्षभर हाका मारल्या आणि पलीकडे कानच बंद होता, हे त्याला सोसलं नाही. तो रडला. आवाज न करता, खांदे हलवत. मामी दारात आली आणि परत फिरली.

पुढच्या आठवड्यात त्याने समोरच्या इमारतीचं काम करणाऱ्या रंगाऱ्याला बोलावलं. खांबावर दुसऱ्याला चढू दिल्याची ही पहिलीच वेळ. रंगारी टोकाला पोचला आणि वरून ओरडला, “काका, सांध्याला गंज दिसतोय, आणि केबलला—”

“काय दिसतंय ते सांगू नको,” मामा खालून ओरडला. “सोडव आणि खाली आण. मी बघतो.”

केबल खाली आली. मामाने ती टोकाकडून कापली तेव्हा आतून काळं पाणी ओघळलं. आतली तांब्याची जाळी हिरवी पडून भुगा झाली होती. चिकटपट्टी जिथे अर्धी राहिली होती तिथूनच पाणी शिरलं होतं आणि वर्षभर मुरत गेलं होतं. मीटर परत काहीच येत नाही म्हणत होता, कारण सगळी वीज या सडक्या केबलमध्येच जिरत होती. वर जायला काही उरतच नव्हतं. एका रविवारी लंबूने नुसतं “आज वाईट येतोय” म्हटलं असतं तरी हे कळलं असतं. केबल बदलायला रंगाऱ्याची एक सकाळ लागली. जाता जाता मामाने त्याच्याकडून टोकाला पुलीसुद्धा बसवून घेतली. ते बघून मामी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

शनिवारी संध्याकाळी मामाने सेट लावला आणि कुणीही उत्तर द्या अशी हाक दिली. दूरच्या कुठल्याशा देशातला एक माणूस आला. त्याची भाषा मला कळत नव्हती आणि मामाला मोडकीतोडकीच कळत होती. त्याने आकडा दिला पाच-सात. मामाने त्याचे तीनतीनदा आभार मानले. त्या अनोळखी माणसाला वाटलं असेल, एवढं काय झालं.

“आता उद्या लंबूकाका!” मी म्हटलं. मला मनापासून वाटत होतं की आता सगळं जाग्यावर येईल. त्याला जे हवं होतं ते उद्या मिळणार होतं. खांब होता, तार होती, केबल कोरी होती आणि मधे कुणी नव्हतं.

रविवारी मामी वर आली नाही. तिचा फोन मी मुद्दाम तिच्याकडून मागून घेतला, मामासमोर बंद केला आणि टेबलावर ठेवला. लंबूची हाक आली. आवाज दबका होता, दरवाजा उघडेल की नाही अशा शंकेने कडी वाजवणाऱ्यासारखा. मामाने उत्तर दिलं. काय बोलला तर आपलं नाव, गाव, आणि “आज कसा येतोय?”

“बुटक्या,” लंबू म्हणाला. “बुटक्या, रेडिओवर येतोयस रे. पाच-नऊ. माझा फोन खाली मुलीपाशी आहे. शपथ. पाच-नऊ.”

मी टाळ्या वाजवल्या. मामाने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

“तुझाही दे.”

“काय?”

“फोन.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. ज्या मुलीने कोरी पाटी सांगितली, ज्या मुलीने त्याच्यासाठी मामीशी उभा दावा मांडला, तिच्याकडे तो फोन मागत होता. भांडावंसं वाटलं. पण त्याचा चेहरा बघून मी निमूटपणे फोन काढून दिला. त्याने तो बंद असल्याची खात्री केली. दोन्ही फोन जिन्यात नेऊन ठेवले, दार लावलं, परत येऊन माईक घेतला.

“परत सांग.”

“पाच-नऊ,” लंबू म्हणाला. “खरंच रे. खरंच पाच-नऊ.”

“कळलं,” मामा म्हणाला आणि सेट बंद केला. लंबू तिकडून हाका मारत राहिला. बुटक्या, बुटक्या, आहेस का? मामाने ऐकायच्या सेटचाही आवाज उतरवला.

“मामा,” मी म्हटलं, “या वेळी खरं सांगतोय तो. फोन नाही, काही नाही. तुझा आवाज पोचला तिकडे.”

“असेल,” मामा म्हणाला. मग त्याने दार उघडलं, जिन्यातून माझा फोन उचलून माझ्या हातात दिला आणि मी बाहेर जाईपर्यंत दार धरून उभा राहिला.